धनवडे साहेब खुर्ची सरकवतात

आमच्या रिमोटची बटणं पिवळी आहेत.
मार्केट यार्डात दिवसभर हळद तोलायची,
घरी येऊन साबणानं तीनदा हात धुवायचे,
तरी आवाज वाढवायचं बटण पिवळं ते पिवळंच.
हा सगळा आवाज मी धनवडे साहेबांसाठी वाढवलेला.

नऊ वर्षं. सोमवार ते शुक्रवार, रात्री साडेनऊ.
पहिल्याच भागात त्यांनी एका पाकीटमार पोराच्या
अशी कानफटात ठेवून दिली
की मी ताटावरून उठून टाळी वाजवली.
सन्मती तेव्हा आठवीत,
गणितात नापास, भिंतीला टेकून बसलेला.
त्यानं टाळी वाजवली नाही.
हे मला आत्ता आठवतंय. तेव्हा दिसलंही नसेल.

दुसऱ्या वर्षी त्यांचा हवालदार शिकलगार
गोळी लागून गेला.
त्याच्या आईला सांगायला साहेब गेले,
आणि चहा पिऊन परत आले, न सांगता.
आमचा भूपाल म्हणाला, इन्स्पेक्टर असून भ्याला?
मी पण म्हणालो, भ्याला.
रात्री मात्र झोप येईना.
कप बशीत ठेवताना त्यांनी
वाजू दिला नव्हता.

पुराच्या साली पाणी गल्लीत शिरलं.
बायको भांडी, दागिने, कागदपत्रं बांधत होती,
मी टीव्ही खांद्यावर घेऊन बाळगोंडांच्या गच्चीवर.
लोक हसले. हसू देत.
कितीतरी दिवस वीज नव्हती, आणि साहेब तिकडं
कोठडीतल्या एका बाईच्या तान्ह्याला दूध गरम करून देत होते म्हणे.
तो भाग माझा बुडाला तो बुडालाच.
मला वाटतं, तिथंच काहीतरी झालं असणार.
कारण गाळ काढून, वायरी वाळवून टीव्ही लावला
तर माणूस निराळा.
आवाज तोच, मिशी तीच, जरा जास्तच काळी,
पण संशयिताला बसवायच्या आधी
खुर्ची थोडी सरकवतात,
दिव्याचा उजेड त्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.
एवढंच.
त्यावर कुणी संवाद बोलत नाही, मागं संगीत नाही.
माझ्याही चार भागांनंतर ध्यानात आलं.

भूपालनं बघायचं सोडलं.
"साहेब मऊ पडला राव. मजा गेली."
काट्यापाशी मी त्याच्याशी भांडलो,
रिकामं पोतं हातात धरून:
अरे, हळद पण शिजवली की मऊ पडतीया,
मग उन्हात वाळली की मोडून बघ, कट्टकन वाजतीया.
सडते ती कच्ची.
तो म्हणाला, व्हय व्हय, पोतं धर नीट,
गाडी भरायची हाय.

आता खरं सांगायचं तर
मुंबईत कुठंतरी चार जण पगार घेऊन बसलेत
धनवडे साहेबांना सुधारायला.
चुकलं की खोडायचं, दुसरा कागद घ्यायचा.
आमचं तसं नाही.
आमचं सगळं एकदाच शूट झालं,
कानफटात धरून.
साहेबांनी मारलेली नव्हे. त्याच रात्री,
टीव्ही बंद केल्यावर, मी मारलेली.

सन्मती आता विश्रामबागेत मोबाईल दुरुस्त करतो.
उशिरा येतो, जेवून आलोय म्हणतो.
काल लवकर आला, पावणेदहाला.
दारातल्या ट्यूबचा उजेड थेट खुर्चीवर.
मी उठलो, खुर्ची जरा भिंतीकडं सरकवली.
"बस."
तो उभाच. खुर्चीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
"संपली का सिरीयल?"
"नाही अजून. जाहिरात लागलीय."
त्यानं रिमोट उचलला,
बटणावर अंगठा घासला, अंगठ्याकडं बघितलं,
पँटला पुसला
आणि आवाज थोडा कमी केला.