पायपेटीची ने-आण

पत्रकात माझं नाव शेवटून दुसरं होतं,
'विशेष साहाय्य' या मथळ्याखाली, आणि तेही चुकलेलं:
कोठावदेचं कोठवडे.
माझ्याखाली फक्त कॅन्टीनवाल्यांचे आभार.

दिवाळीची सुटी संपली की आमच्या कॉलेजात
नाटकं उगवायची. एकांकिका डिसेंबरात,
पथनाट्य परवानगी मिळेल तेव्हा,
आणि द्राक्षं हातगाडीवर आली की संगीत नाटक.
हॉलमध्ये परीक्षेची बाकं, म्हणून तालीम
केमिस्ट्रीच्या गॅलरीत. राजकन्या
बेसिनला टेकून विरह सांगायची
आणि नळ टपकत राहायचा, कुठल्याच तालात नाही.

पायपेटी पंचवटीतून आणायची, गायधनी काकांकडून.
शिसवी, जड, पोटात कापराच्या वड्या.
छोट्या हत्तीच्या हौद्यात मी तिला मिठी मारून बसायचो.
होळकर पुलावर खाली गंगा, वर बोचरी थंडी,
गतिरोधक आला की ती आतून हुंकारायची,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

काकांची दरवर्षी एकच अट:
"मधल्या सप्तकातली काळी दोन बोलत नाही.
तिला बोलवायला जाऊ नका.
दुरुस्त तर मुळीच करू नका."
का, ते सांगत नसत. चहा देत, खारी देत,
आणि पेटी उंबऱ्याबाहेर गेली की
आमच्याकडे पाठ करून आत जात.

तुषार आहेर त्या पट्टीपाशी आला की
बोट असं वळवायचा
जसा रविवार कारंजावरचा रिक्षावाला खड्डा.
पण हर्षदा पगार काळी चारमध्ये गायची,
आणि तिसऱ्या अंकातलं तिचं पद
नेमकं पंचमावर जाऊन थांबायचं.
काळी दोन म्हणजे तिचा पंचम.
विभांडिक सर म्हणाले, काळी तीन घे.
ती म्हणाली, मग पंचम वाजेल, सर,
धैवत जाईल.
भोक काही बुजत नाही, सरकतं फक्त.
सर नळाकडे बघत बसले.
तिला दिंडोरीची आठ दहाची एस्टी गाठायची होती.

प्रयोग कालिदासला, दुपारचा.
मी विंगेत, पडद्याची दोरी मनगटाला गुंडाळून.
तिसरा अंक. पद चढत गेलं,
आणि तुषारने बोट वळवलं नाही.
विसरला की मुद्दाम, ते त्यालाही अजून सांगता येत नाही.
टक्. नुसतं लाकूड.
भात्याचा श्वास निघून गेला
आणि पंचमावर ती एकटी उभी.
किती वेळ? दोरीचा वळ हातावर उमटेपर्यंत.
मग धैवतावर पेटी धावत येऊन तिला भेटली,
उशीर झालेल्या भावासारखी.
टाळी पडली नाही. कुणाला काही कळलंच नव्हतं.

निकाल: गायनाचं उत्तेजनार्थ, दुसरं.
परीक्षकांचा शेरा: साथ काही ठिकाणी कमी पडली.
एस्टी केव्हाच निघून गेली होती.
हर्षदा मामाच्या पिकअपमध्ये गेली,
रिकाम्या क्रेटांवर बसून, मुकुट मांडीवर,
गालांवर राजकन्येचा रंग तसाच.

रात्री पेटी परत नेली. काका जागे होते.
झाकण उघडून त्यांनी एका बोटाने
ती पट्टी दाबली, कान जवळ नेला.
टक्.
"ठीक आहे," म्हणाले.
मला काहीतरी सांगायचं होतं.
टेम्पोवाला खालून हॉर्न देत होता.

पुढच्या वर्षी पत्रकात माझं नाव बरोबर छापलं,
जरा वरही सरकवलं.
कॉलेजने नवीन कीबोर्ड घेतला होता.
सगळ्या पट्ट्या बोलतात,
एका हाताने उचलता येतो.
मी तो उचलला, आणि दुसऱ्या हाताचं
काय करावं, सुचेना.