कृपया बंद करू नका

सकाळी नऊला पर्जन्यमापक वाचायचा
हा माझा एकतीस वर्षांचा नेम.
स्ट्रॉमनेसच्या धक्क्यावरची तिकीटखिडकी सुटली,
नेम सुटला नाही.
वारा कानशिलं सोलत असो,
लिंकलेटरची मेंढी आमच्या कुंपणात अडकून ओरडत असो,
नऊ म्हणजे नऊ.
आकडा वाचायचा, आत यायचं, बूट काढायचे
आणि कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायचा.

मंगळवारी आत आलो तर
पडदा नुसता निळा.
मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचं रिंगण, फिरतंय आपलं.
अपडेट चालू आहे. सत्तावीस टक्के.
कृपया बंद करू नका.

त्या 'कृपया'ची मला ओळख पटली.
खिडकीमागून मीही म्हणत असे:
कृपया रांगेत थांबा,
बोट आज सुटणार नाही.
लोक माझ्याकडे तसं का बघायचे
ते आत्ता कळलं.

मेरन विणता विणता म्हणाली,
"विचारलं होतं का त्यांनी?"
विचारलं होतं. आत्ता करू, की रात्री?
'नको' असं बटण नव्हतं.
"मग ते विचारणं नव्हे, सिगर्ड.
तुझी आई असंच विचारायची मला,
सूप एक वाडगा घेशील की दोन."

त्र्याऐंशीवर तो तासभर अडला.
मी साडेचार मिलिमीटर मनात धरून बसलो,
हातात अंडं घेऊन
बंद दारापाशी उभं राहावं तसा.

दुपारी उघडला.
घरात चोर येऊन गेला नव्हता,
कुणीतरी आवराआवर करून गेलं होतं.
चोर परवडला.
तो नेतो ते नेतो,
उरलेलं निदान जागच्या जागी असतं.
प्रिंटर ओळख दाखवेना,
नऊ वर्षं एका टेबलावर बसून
दोघांत अबोला.
आणि कोपऱ्यात एक पिवळा सूर्य,
शेजारी अक्षरं: आज हवा अंशतः ढगाळ.
खिडकीच्या काचेवर गारा ताडताड वाजत होत्या.
मला हवा सांगतोय!
मला!

ॲबरडीनहून भाची फोनवर:
मामा, डावीकडे खाली बघ.
डावीकडे काही नाही.
मग मध्ये सरकलं असेल.
का सरकलं?
इंग्रिडकडे एरवी उत्तर तयार असतं.
"सुरक्षेसाठी असेल," ती म्हणाली,
मग आम्ही दोघंही जरा वेळ गप्प.

खरा घोळ रात्री सापडला.
तारखांची तोंडं फिरली होती,
महिना आधी, दिवस नंतर.
तीन जुलैचा पाऊस
सात मार्चला पडून गेला होता.
माझ्या लग्नाच्या वाढदिवसाचं धुकं
डिसेंबरात जाऊन बसलं.
बारा तारखेपर्यंतचं सगळं असं उलटंपालटं,
तेरापासून पुढचं मात्र जागचं हललं नव्हतं,
कारण तेरावा महिना
अजून कुणी आणलेला नाही.
येईल एखाद्या अपडेटात.

इंग्रिडनं दुसऱ्या दिवशी दूर बसूनच
दोन मिनिटांत सगळं सरळ केलं.
मी तिला धन्यवाद दिले, मनापासून.
तरी त्यानंतर एक पान उघडलं की
पाऊस खरंच त्या दिवशीच पडला होता ना,
अशी शंका येते,
ती काही तिला दुरुस्त करता येत नाही.

काल परत चौकट आली.
आत्ता, की रात्री?
रात्री, म्हटलं.
वायर उपसून पाहिली होती मागं एकदा,
चार दिवस बरे गेले,
पाचव्या दिवशी त्यानं साचलेलं सगळं एकदम मागितलं.
आता भांडत नाही.
शेडमधून होडीची एक जुनी फळी आणली,
मापकाच्या खांबाला ठोकली,
सुतळीनं पेन्सिल बांधली तिला.
मेरननं खिडकीतून बघितलं, मान हलवली,
होकाराची की कसली ते विचारलं नाही.

ओल्या फळीवरही उमटतं,
जरा दाबून लिहिलं की.