सहा मिलिमीटर

नकाशावर मी आधी फरशी काढत नाही,
फटी काढते.
निळ्या पेन्सिलीने. बाकी सगळं मागून.

तेरुएलच्या वृद्धाश्रमाचं नवं जेवणघर.
एकोणीस मीटर लांब, अकरा रुंद,
टोकाची दक्षिण भिंत छतापर्यंत काचेची
आणि जमिनीच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या.
आर्किटेक्ट ओरोसिया लाकासा म्हणते,
"मला रेघ दिसायला नको.
जमीन कशी, वारा पडलेल्या तळ्यासारखी."
मी मान हलवते
आणि पेन्सिलीला टोक काढते.

माझा बाप, बाउदिलिओ, चाळीस वर्षं गुडघ्यांवर चालला.
म्हणायचा, फरशी दगडासारखी दिसते
म्हणून तिला दगड समजायचं नाही.
ऊन लागलं की ती अंग ताणते,
निवली की आवळून घेते.
केसाएवढंच. पण केसाला केस जोडत गेलं
की भिंतीपर्यंत वेणी होते,
आणि भिंत काही
बाकावरच्या शेजाऱ्यासारखी सरकून बसत नाही.

गिऱ्हाईकाचं त्याने एकदाच ऐकलं.
बँक होती. मॅनेजरला फट म्हणजे कामचुकारपणा वाटायचा.
खालचं काँक्रीट दोन हिवाळे वाळत राहिलं, आखडत राहिलं;
वर चिकटलेल्या फरशांना कुणी कळवलंच नाही.
जानेवारीतल्या एका सोमवारी रोखपाल बाईंनी दार उघडलं तर
दोन फरश्या मधोमध उठून
कपाळाला कपाळ लावून उभ्या.
बापाने पैसे परत केले.
त्या दोन्ही फरश्या घरी आणल्या.
आमच्या गॅसवरचं भांडं अजून त्यांच्यावरच उतरतं.

तर, निळ्या रेघा.
चारी भिंतींना कड सोडायची, ती पाटीखाली झाकली जाईल.
दोन खांबांभोवती, गळपट्ट्यासारखी, सैल.
दाराच्या उंबऱ्यात एक, कारण बाहेरचा बोळ थंड आहे.
मग पाच मीटरवर, दहावर, पंधरावर;
काचेजवळचा शेवटचा तुकडा मुद्दाम लहान,
तिथे ऊन दुपारभर मुक्काम ठोकतं.
रुंदीत एकच, मधोमध.
आणि दहावर जुन्या इमारतीला नवी जोडली आहे,
स्लॅबलाच तिथे फट आहे.
तिच्यावर माझी फट, बरोब्बर.
बोटभर इकडे ठेवली तर
खालची आपली वाट आपणच फोडून घेईल.

ओरोसियाने रेघा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
"पाचवरची खांबांच्या ओळीत आली तर?"
आली असती, पण फरशी मधे कापावी लागत होती.
रात्री उशिरा सुचलं:
मांडणी भिंतीपासून कशाला सुरू करायची?
फटीपासून करू.
कापलेले तुकडे जातील कडेला, कपाटांखाली.
सकाळी तिने नकाशा पाहिला,
"हं" म्हणाली, आणि कॉफी पाजली.

नंतर चेमाने, पोरगा गुणी आहे पण घाईचा,
उरलेला मसाला वाया जाऊ नये म्हणून
भिंतीची सगळी कड भरून टाकली. नीट, गुळगुळीत.
मला रडावं की त्याची पाठ थोपटावी कळेना.
दोघं आकडा घेऊन बसलो,
साठ मीटर कड, खरवडत, थेट स्लॅबपर्यंत.
मधल्या फटींत फोमची दोरी, वर सिलिकॉन,
फरशीहून जरासं काळसर.
साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट
एका दमात ओढायचं, थांबलं की डाग.
चेमाचं बोट चौथ्या ओळीपर्यंत सुधारलं.

मे महिन्यात बिल घ्यायला गेले.
पास्कुआला आजींची चाकाची खुर्ची दारातून आत येत होती.
त्यांना आता आकार तेवढे दिसतात.
खुर्ची त्या स्वतः ढकलतात, कुणी हात लावला तर फटकारतात.
उंबऱ्यावर टक्.
मग बराच वेळ काही नाही.
टक्.
टक्.
"चार झाले की माझी जागा," त्या कुणालाच न सांगता म्हणाल्या.
टक्.
आणि खुर्ची उन्हात थांबली.