मार्चअखेर

बिबवेवाडीच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर,
शमीम बागवान आकडे भरते.
जून: मृत जन्म, एक.
जुलै: शून्य.
ऑगस्टचा रकाना कोराच, नर्सबाई रजेवर.

कोऱ्याला शून्य समजायचं नाही,
हे तिने सूत्रातच बजावून ठेवलंय.
शेजारचा रकाना मागचं सगळं पुढे ओढत नेतो:
एक. एक. एक.

अप्पर इंदिरानगरमधून फोन आला होता तेव्हा
मागे कुणीतरी भांडी घासत होतं,
थांबलं नाही.

दिवाळीतही एक. थंडीतही.
साहेब म्हणाले, वाढ नाही, छान.

एकतीस मार्चला ती उशिरा निघते.
उद्या यंत्र पाटी पुसून
शून्यापासून मोजायला बसेल.
स्वारगेटच्या बसमध्ये, उभ्यानेच,
तिचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागतो
आणि पहिल्याच पेरावर
थांबून राहतो.