टिचकी

शीर सापडत नसली की मी टिचकी मारते,
कोपराच्या आतल्या बाजूला. तेवीस वर्षं झाली.
मिरजेत, स्टेशनकडून येणाऱ्या बोळात,
खाली मेडिकल, वर आमची लॅब, तिच्यावर स्कॅन.
सकाळच्या गाडीनं कुडचीची, रायबागची माणसं येतात
फडक्यात भाकरी बांधून. बरेचजण खाऊनच येतात.
मी फॉर्मवर लिहिते : उपाशीपोटी.

पाच तारखेला पाकिटं भरते.
आहेराला देतात तसलीच,
वर रुपया चिकटवलेला नसतो एवढंच.
शंभरातले चाळीस. नाव नाही, एक अक्षर पुरे.
तौफिक मोटारसायकलवरून वाटून येतो,
कुपवाड, मालगाव, पार म्हैसाळपर्यंत,
आणि आला की आधी हात धुतो.
का, ते मी विचारलेलं नाही.

मंगळवारी नबीलाल शिकलगार आले.
सतारी करतात. खोकला, उजवी कूस दुखते.
कागदावर अकरा तपासण्या.
"डॉक्टरांनी हात लावून बघितलं?"
"लावला की. कागदाला."

मग पिशवीतून नोटा मोजता मोजता म्हणाले,
"भोपळा घ्याचा तर आमी टिचकी मारतो, बाई.
सुकलाय का, आत भेग हाय का, कीड लागलीया का,
बोटाला कळतंय. तुमच्यात न्हाई मारत?"

मारायचे.
आवटी डॉक्टर मारायचे.
डावं बोट पाठीवर, त्यावर उजवं,
मान कलती, डोळे मिटलेले.
"पाणी नाही. घरी जा. चार दिवसांनी ये."
तीस रुपये.
त्यांच्या दवाखान्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

कुणी बंद पाडला म्हणाल तर
एक फळी मीही लावली आहे.
सानिकाचं डोकं तीन रात्री दुखत होतं.
त्यांनी बॅटरी मारून डोळे बघितले,
शाळेत कितव्या बाकावर बसतेस, विचारलं,
"चष्मा लागलाय," म्हणाले, बस्स.
जिन्यातच मी नवऱ्याला म्हटलं,
काही लिहूनसुद्धा दिलं नाही. म्हातारा झालाय.
त्याच संध्याकाळी एमआरआय. सात हजार.
मेंदू स्वच्छ निघाला.
पुढच्या आठवड्यात चष्मा. उणे दीड.
तो रिपोर्ट अजून कपाटात आहे,
दहावीच्या सर्टिफिकेटाखाली,
फेकवत नाही.

वरचे डॉक्टर राक्षस नाहीत.
त्यांच्या मशीनचा हप्ता आहे, ते रिकामं राहिलं
तरी वैरण मागतं, रात्रभर घुमत राहतं छतातून.
आणि ड्रॉवरमध्ये ग्राहक मंचाची एक नोटीस,
एकदा एक गाठ नजरेतून सुटली होती.
चहा पिताना मला म्हणाले,
"लिहिलं नाही तर मला धरतील.
लिहिलं म्हणून आजवर कुणाला धरलंय?"
मला उत्तर सुचलं नाही.
मी कप विसळले.

नबीलालच्या हाताला टिचकी लागलीच नाही.
रंधा मारून मारून शीर दोरीसारखी वर आलेली.
चार नळ्या भरल्या. चार हजार आठशे पन्नास.
"एका सतारीचा इसार," ते म्हणाले,
तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून.

गुरुवारी रिपोर्ट न्यायला आले. अकराच्या अकरा नॉर्मल.
उलटसुलट करून बघितले त्यांनी.
"मग खोकला?"

दुपार होती. बाकांवर कुणी नव्हतं.
काय झालं मला कुणास ठाऊक, म्हटलं, वळा जरा.
सदऱ्यावरून डावं बोट ठेवलं उजव्या बरगडीखाली,
आवटी ठेवायचे तसं,
आणि टिचकी मारली.
एकदा. मग थोडी वर. मग डावीकडे.

छतातून मशीन घुमत होतं.
खाली मेडिकलवाला कुणाला तरी सुट्टे मागत होता.

"काय म्हणतंय?" पाठमोऱ्या नबीलालनी विचारलं.

मी बोट काढलं नाही.
"कळत नाही हो," म्हटलं.

"न्हाईच कळणार लगेच," ते म्हणाले.
"मला नऊ वर्सं लागली.
परत मारा."