दोन डोळे ठेवून

माघात निवृत्ती काकड आले, लुनावर.
मागे पोतं, पोत्यात कात्री.
मखमलाबादच्या द्राक्षबागांत चाळीस वर्षं झिजून
तिचं पातं निम्मं उरलेलं.
चहा नको म्हणाले. आधी काम.

मी गेटपाशी, डबा खांद्याला, बस गाठायच्या घाईत.
"मोगऱ्याला जरा आकार द्या,"
एवढंच बोलले होते.

संध्याकाळी येऊन बघते तर मोगराच नाही.
कुंडीत नऊ काटक्या.
पानंसुद्धा ओरपून काढलेली,
आणि फरशीवर हिरवा ढीग,
झाडून नीट एका बाजूला केलेला,
जणू उपकारच.

फोनवर माझा आवाज चढला.
त्यांचा नाही.
"दोन डोळे ठेवलेत ना ताई, काडीकाडीवर.
बाकीचं ओझं होतं.
आता पंधरा दिवस पाणी तोडा. ताण बसू द्या."

ताण.
हा शब्द मला वेगळ्याच घरातला माहीत:
पतसंस्थेतली मार्चअखेर,
रक्तदाबाची अर्धी गोळी,
आणि पुण्याहून शर्वरीचा मेसेज,
'येतेय. कायमची. काही विचारू नकोस.'

ती आली, दोन बॅगा, एक मिक्सर.
मी काही विचारलं नाही.
इंदिरानगरात विचारणारे पुष्कळ आहेत.
दिवसभर ती मागच्या पायरीवर बसायची,
समोर त्या नऊ काटक्या.
दोघींनाही सांगितलेलं: पाणी नाही.

एका रात्री मला जाग आली.
खिडकीतून दिसलं,
पेल्यातलं उरलेलं पाणी ती कुंडीत ओतत होती,
थेंबाथेंबानं, आवाज होऊ न देता,
लहानपणी दूध बेसिनमध्ये ओतायची तसं.
मी पुन्हा आडवी झाले.

मग काय, फाल्गुन.
रंगपंचमीला जुन्या नाशकातून भाचे आले
रहाडीतून निघालेले, नखशिखांत केशरी,
त्यांनी भिंतीला हात पुसले, ते अजून तसेच आहेत.
कढीपत्त्याला पांढरा तुरा आला, त्यावर माश्या.
गोकर्ण गॅसच्या पाइपावर चढला.
गायधनींच्या पिटुनिया सकाळी बिगुलासारख्या उघडायच्या
आणि बारा वाजता माना टाकायच्या,
त्यांना ठिबक होतं तरी.
कपड्यांच्या तारेवर शिंजिरानं घरटं टांगलं,
त्यात माझ्या जुन्या ब्लाउजचा धागा.
त्या टोकाला आम्ही कपडे वाळत घालणं सोडलं.

आणि काटक्या?
प्रत्येक डोळ्यातून एक हिरवं बोट,
प्रत्येक बोटावर तीन कळ्या.
चैत्राच्या पहिल्या आठवड्यात
आम्ही मोजणं सोडून दिलं.
शर्वरी एकदा एकशे बारापर्यंत गेली होती,
मग शेजारच्या काकू डोकावल्या
आणि ती आकडा विसरली, की विसरल्याचं दाखवलं.
संध्याकाळी सहाला दार उघडलं
की वासच आधी घरात शिरायचा,
चपला न काढता.

रविवारी डबा भरून आम्ही मखमलाबादला गेलो.
निवृत्तीबाबा ओसरीवर, काळा चष्मा लावून.
मोतीबिंदू काढलेला; वाकायचं नाही,
धुळीत जायचं नाही, कात्रीला हात नाही.
मुलगा खरड छाटणीला गेलेला.
"काय छाटतंय देव जाणे," ते म्हणाले,
"आवाजावरून घाई करतंय."

शर्वरीनं डब्याचं झाकण काढलं.
त्यांनी वास घेतला नाही.
एक फूल उचललं,
देठ अंगठ्यानं दाबून बघितला,
पाकळी चिमटीत घोळवली,
नोट खरी की खोटी बघावी तशी.

"ताणात पाणी घातलंय कुणीतरी," म्हणाले.
"चोरून."

ओसरीवर कुणी बोललं नाही.
बागेतून कात्री ऐकू येत होती, कट्, कट्, कट्.
शर्वरी हसली.
दोन महिन्यांत पहिल्यांदा, दात दिसतील इतकं.

"थोडंच घातलं, बाबा."

"हां," ते म्हणाले,
आणि फूल कानामागे खोचायला गेले,
चष्म्याच्या काडीला अडलं,
ते तसंच हातात धरून बसले.
"थोडं चालतं."