छाट

मी गोवर्धन मेरगू. दुसऱ्या वर्गाचा बॉयलर अटेंडंट,
अक्कलकोट रोड, टॉवेलचं डाईंग.
तीन टनांचा बॉयलर, तीस मीटरची चिमणी,
तिला बावीस वर्षं मी खालूनच ओळखतो.

घरात आम्ही धुराला पोगा म्हणतो,
कारखान्यात म्हणतो माल.
आज माल काळा निघतोय, म्हणजे
कोळसा ओला, किंवा डॅम्पर चुकला,
किंवा माझी झोप अपुरी.

तहसीन बागवान आली तेव्हा वाटलं, नोटीस आली.
नोटीस नव्हती. लॅपटॉप होता,
आणि एक नळी, ती तिनं धुराच्या नाकात घातली.
काका, ऑक्सिजन अकरा टक्के.
मग?
मग काय, निम्मं आभाळ तापवून सोडताय तुम्ही.

मला हसू आलं.
मालकाला नाही आलं, कोळशाचं बिल त्याचं.

सात दिवस ती भट्टीजवळ बसली,
दर पाच मिनिटांनी आकडा.
मी कोळसा कानानं टाकतो. जाळ घशात बोलायला लागला
की दोन फावडी, उगाच शिट्टी घालू लागला की थांबायचं.
याला तिच्या तक्त्यात रकाना नव्हता.
तिनं पाडला. वर लिहिलं : काकांचा कान.

आठव्या दिवशी पडद्यावर नकाशा.
पांढऱ्या टॉवेलवर कच्चा लाल उतरावा
तसा डाग, चिमणीपासून लांबत गेलेला.
पहाटे पाच ते सात, थंडीचे दिवस,
हवा झाकणासारखी बसते, म्हणाली,
माल वर जातच नाही.
डागाचं टोक विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीमागं.
इथं कोण राहतं, काका?

मी आधी पाणी प्यालो.
मग म्हणालो, मी.

ती गप्प. मग घाईनं, हे नुसतं गणित आहे हो,
तिथं मोजायचं यंत्र नाही, पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पद्मावतीचं विडीपुस्तक नेलं.
दुसऱ्यांच्या तोंडातला धूर ती हातानं वळते,
रोज आठशे, नऊशे.
ओलं पान पहाटे गच्चीवर उघडते, फर्मा ठेवून कापते.
पानावर बारीक काळं बसलं
की कारखान्यातला तपासनीस बंडल बाजूला सारतो : छाट.
छाटीचे पैसे नाहीत.
सहा वर्षांची छाट, तारखेसह, निळ्या शाईत.

डिसेंबरात नव्वद, शंभर, एकदा एकशे बारा.
दिवाळीत आमचा बॉयलर आठ दिवस थंड : चौदा.
गड्ड्याच्या जत्रेत दोन दिवस थंड : अकरा.

तहसीननं तिची रेष काढली, खाली छाटीची काढली.
दोघी एकीमागं एक चालल्या,
घागर घेऊन निघालेल्या जावांसारख्या.
बराच वेळ ती बोलली नाही,
मग पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

नियम चिमणीच्या तोंडाशी मोजतो.
पोगा गच्चीवर उतरतो.
मधली जागा कुणाच्याच कागदात नाही.

तरी झालं काहीतरी.
डॅम्परच्या दांड्यावर खूण केली,
पद्मावतीच्याच नखरंगाची, लाल,
तिथं ऑक्सिजन सात राहतो.
पिशव्यांचं फिल्टर आलं, इचलकरंजीहून, वापरलेलं,
दोन पिशव्या फाटक्या, त्या मी शिवल्या.
भट्टी पाचला पेटवायची ती साडेसातला पेटवा
असं तहसीन म्हणाली. मालक म्हणाला,
हे कुठल्या नियमात आहे?
कुठल्याच नाही.
दीड महिना वाद. शेवटी साडेसहा.

काल छाट एकोणतीस.
मी पुस्तक दिव्याखाली धरलं, पुन्हा वाचलं.
पद्मावती कात्री पुसत म्हणाली,
थंडी गेली की कमी होतेच, दरवर्षी.

खरं आहे. मार्च लागला.
मी तारीख लिहिली, काहीच बोललो नाही.
डिसेंबर येऊ दे.